पोहोचली असती

खेळांची नियमपुस्तके साहित्याच्या अभ्यासकाने वाचावीत असे सहसा कोणी सुचवत नाही. त्यांची भाषा रुक्ष असते, वाक्ये कलमांत तुटलेली असतात आणि 'शैली' म्हणावे असे त्यांत काही नसते. तरीही क्रियापद कसे चालते हे पाहायचे असेल, तर या पुस्तकांसारखे दुसरे साधन नाही. बहुतेक नियम दोनच अर्थांत लिहिलेले असतात : एक स्वार्थ, म्हणजे 'चेंडू रेषेबाहेर पडला, खेळाडू बाद झाला', दुसरा विध्यर्थ, म्हणजे 'खेळाडूने अमुक ठिकाणी उभे राहावे'. जे घडले ते आणि जे घडावे ते. पंचाचे काम या दोहोंची सांगड घालण्याचे.

सॉफ्टबॉलच्या नियमांत मात्र एक कलम असे आहे, की जे या दोन्ही अर्थांत मावत नाही. धावणाऱ्या खेळाडूच्या वाटेत बचाव करणाऱ्या संघातील कोणी आले आणि तिची धाव खोळंबली, तर पंचाने तिला कोणता बेस द्यावा? नियमाचे उत्तर असे : अडथळा झाला नसता तर पंचाच्या मते ती ज्या बेसवर पोहोचली असती, तो. मराठी व्याकरण शिकवणाऱ्याच्या कानाला हे वाक्य लगेच खटकते. खटकते म्हणजे आवडते. हा संकेतार्थ आहे. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' या उदाहरणावर आपण सगळे वाढलो आणि तेच उदाहरण आपण पुढच्या पिढीला देत आलो. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. तेव्हापासून आजवर संकेतार्थाचा मुक्काम व्याकरणाच्या तासाला आणि उसाशांतच राहिला आहे. त्याला मैदानावर, गुणफलकावर, जय-पराजयाच्या हिशेबात बसलेला आम्ही तरी प्रथमच पाहत होतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक कुकडीच्या खोऱ्यात शिकवतो, दुसरी घोडच्या. सॉफ्टबॉलशी आमचा संबंध आला तो अनुवादामुळे. शालेय स्पर्धांसाठी नव्याने पंच होऊ पाहणाऱ्या शिक्षकांना इंग्रजी नियम जड जातात, तेव्हा निवडक कलमांचे मराठी करून द्या, अशी विनंती एका स्नेही क्रीडाशिक्षकांनी केली. मराठीच्या प्राध्यापकांना एवढे यायलाच हवे, असा त्यांचा समज होता आणि तो मोडण्याचे धाडस आम्हांला झाले नाही.

खेळाची तोंडओळख एवढीच पुरे : चौकटीच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे; पहिला, दुसरा आणि तिसरा बेस, आणि चौथे होम. दोन बेसमधले अंतर ६० फूट. चेंडू फटकावून फलंदाज धावत सुटते आणि तिन्ही बेसना पाय लावून होमला परतली की एक धाव. जिथून निघालो तिथेच परत यायचे आणि त्या जागेला 'घर' म्हणायचे, ही कल्पना १८८७ साली शिकागोत हा खेळ सुरू करणाऱ्यांच्या मनात काव्य म्हणून नसेल; बेसबॉलचाच तो घरात खेळण्याजोगा अवतार होता. पण वाङ्मयाच्या माणसाला ती कल्पना सोडवत नाही.

अनुवादात पहिलीच ठेच लागली ती शब्दांची. इंग्रजी नियमांत दोन वेगळे गुन्हे आहेत. बचाव करणाऱ्या बाजूने धावणाऱ्याची वाट रोखली तर एक; धावणाऱ्या बाजूने चेंडू अडवणाऱ्यांच्या कामात लुडबुड केली तर दुसरा. मराठी कोशांत दोहोंना एकच प्रतिशब्द मिळतो : अडथळा. दुसऱ्यासाठी 'व्यत्यय' हा शब्द आम्ही ठरवला. पहिल्यासाठी मात्र मराठीने आमच्यापुढे आख्खे कोठार उघडले. अडथळा, अडसर, आडकाठी, अडवणूक, मज्जाव, खोडा, विघ्न, प्रतिबंध. रोखण्याला इतके शब्द असणाऱ्या भाषेत पुढे जाऊ देण्याला किती आहेत, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यात निघाला होता. तो इथे नको.

क्रीडाशिक्षकांचा कौल 'अडवणूक' या शब्दाला होता. तो तोंडात बसतो, त्यात जोर आहे. आमची हरकत अशी, की अडवणुकीला हेतू लागतो. तलाठी अडवणूक करतो, सावकार अडवणूक करतो. दरड अडवणूक करत नाही, दरडीचा अडथळा होतो. आणि सॉफ्टबॉलच्या नियमाला हेतूशी काहीही कर्तव्य नाही. वाटेत उभी राहिलेली मुलगी मुद्दाम उभी होती की चेंडूकडे पाहण्याच्या नादात भान हरपून उभी होती, हे पंचाने विचारायचेच नसते. तिच्या हातात चेंडू होता का, हा पहिला प्रश्न. फटकावलेला चेंडू अडवण्याच्या कृतीत ती होती का, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल आणि धावणारीची गती तिच्यामुळे खुंटली असेल, तर अडथळा झाला. अंगाला अंग लागलेच पाहिजे असेही नाही. तिला टाळण्यासाठी धावणारी थबकली, वळसा घालून गेली, तरी पुरते. हातात चेंडू नसताना बाद करण्याचा नुसता आव आणला, आणि त्याने ती दचकून थांबली, तरीही तो अडथळाच.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीचा सूर ऐकू यावा. लेखकाचा हेतू काय होता यावरून कृतीचे मूल्य ठरवू नये, असे विम्सट आणि बियर्डस्ली यांनी १९४६ मध्ये बजावले आणि तेव्हापासून आपण तो पाठ परीक्षेत लिहीत आहोत. परीक्षेबाहेर मात्र आपण सर्रास हेतू शोधतो. 'त्याला तसं म्हणायचं नव्हतं हो,' या एका वाक्यावर आपल्या गावांतले निम्मे तंटे मिटतात आणि जिला लागले तिचे लागणे तसेच राहते. सॉफ्टबॉलचा पंच अडवणाऱ्या मुलीला दोषी म्हणत नाही, तिला दंडही करत नाही. तो फक्त धावणारीचे जे गेले ते भरून देतो. मांजर आडवे गेले तर मांजराचा हेतू कोण विचारतो? फरक इतकाच, की आपण त्या वेळी थांबतो आणि मांजराला नावे ठेवतो; पंच कोणालाही नावे न ठेवता पुढची जागा देतो. शेवटी आम्ही 'अडथळा' हाच शब्द कायम केला.

या नियमात पूर्वी आणखी एक पळवाट होती. बचाव करणारीकडे चेंडू नसला, पण तो तिच्याकडे 'येतच असला', तरी तिला वाट रोखून उभे राहता येई. अलीकडच्या दशकांत ही सवलत काढून टाकण्यात आली. मराठी माणसाला याचे कारण समजावून सांगावे लागू नये. 'आलोच', 'निघालोच', 'पोहोचतोच आहे' या शब्दांतला 'च' किती लांबू शकतो हे एसटीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चेंडू हातात असेल तर वाट तुमची. येत असेल तर वाट अजून धावणारीची.

आमच्या परिसरात वाट अडवण्याचे एक जुने शास्त्र आहे आणि ते या नियमाच्या नेमके उलट चालते. नारायणगाव तमाशाचे गाव. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. तमाशात गण झाला की गवळण येते आणि गवळणीचा सारा खेळ वाट अडवण्याचा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांच्यापुढे आडवा आलेला कृष्ण, पेंद्याची लगबग आणि दोन्ही बाजूंनी बोलणारी मावशी. तिथे हेतू हेच सर्वस्व. हेतू वजा केला तर गवळण उरतच नाही, नुसती वाहतुकीची कोंडी उरते. प्रेक्षक अडवणाऱ्याच्या बाजूने असतो आणि दही-दूध बाजारात वेळेवर पोहोचले असते तर काय भाव आला असता, हे कोणी विचारत नाही. गवळणीवर आमचे प्रेम आहे. पण त्या बाजारभावाचा प्रश्न विचारणारे एखादे शास्त्र असावे, असेही आताशा वाटू लागले आहे.

आपल्या मातीतल्या खेळांचे या बाबतीत काय म्हणणे आहे, हेही आम्ही पाहिले. आट्यापाट्यांत अडवणे हाच खेळ. पाटीवरचा खेळाडू समोरच्याला रोखतो आणि ते त्याचे कौशल्य ठरते. खो-खोची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. त्याचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ मध्ये बांधले जाऊ लागले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा विजेत्या भारतीय पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही मराठी. खो-खोत आठ जण पाटीत बसलेले आणि नववा पाठलाग करणारा. नियम असा, की बसलेल्यांनी धावणाऱ्याला अडथळा होईल असे बसू नये. तसे बसल्यामुळे कोणी मारला गेला तर त्याला बाद ठरवू नये. म्हणजे इथेही हेतूची चौकशी नाही, आणि इथेही न्याय धावणाऱ्याच्या बाजूने. पण खो-खोचा न्याय तेवढ्यावर थांबतो. बाद नाही म्हणजे नाही. त्यापुढे देण्याजोगे पंचाकडे काही नाही, कारण खो-खोतल्या धावणाऱ्याला कुठे पोहोचायचे नसते, वाचायचे असते. सॉफ्टबॉलमधली धावणारी कुठेतरी निघालेली असते. म्हणून तिला नुसते वाचवून भागत नाही. तिचे अंतर तिला परत द्यावे लागते.

ते देण्याची रीत सांगतो. अडथळा होताच पंच खेळ थांबवत नाही. तो डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा लांब करतो, मूठ मिटलेली. अर्थ असा : मी पाहिले आहे, खेळ चालू द्या. ज्या दोन बेसच्या दरम्यान अडथळा झाला तिथे, काही ठरावीक अपवाद सोडता, तिला आता बाद देता येत नाही. ती स्वतःच्या पायांनी योग्य त्या बेसवर पोहोचली, तर प्रश्नच मिटतो आणि हात खाली येतो. त्याआधीच तिला चेंडूने गाठले, तर पंच चेंडू मृत म्हणून जाहीर करतो आणि तिला तो बेस देतो. त्या बेसच्याही पुढे ती हावरेपणाने धावली आणि तिथे बाद झाली, तर ती जोखीम तिची. मिटलेल्या मुठीचा हा मधला काळ आम्हांला फार बोलका वाटला. न्याय तिथे झालेला नाही आणि नाकारलेलाही नाही. तो धरून ठेवलेला आहे.

एका शालेय स्पर्धेत आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. पश्चिम भागातल्या एका आश्रमशाळेच्या मुलींचा संघ एका धावेने मागे होता. त्यांच्यातल्या एकीने चेंडू दोन खेळाडूंच्या मधून दूर धाडला, पहिला बेस ओलांडला आणि दुसऱ्याकडे वळली. दुसऱ्या बेसच्या आतल्या अंगाला उभी असलेली मुलगी मागे वळून चेंडू कुठे गेला ते पाहत होती. दोघी एकमेकींवर आदळल्या. धावणारी पडली, उठली, आणि धुळीतून बेस चाचपडून त्याला धरून बसली. पंचाची मूठ केव्हाच बाहेर आली होती. चेंडू आत परतला, खेळ थांबला, आणि पंचाने तिला तिसरा बेस दिला. तिच्या संघाचा एकच गलका : होम द्या, ती होमला गेली असती! पंच हलला नाही. पुढची फलंदाज बाद झाली आणि सामना तिथेच संपला. ती मुलगी तिसऱ्या बेसवर तशीच उभी होती.

खेळ उठल्यावर आम्ही पंचांना गाठले. आमच्या स्वरात थोडी नाराजी असावी. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ती घरी पोहोचावी असं मलाही वाटत होतं. पण मला ते विचारलेलंच नाही. पडायच्या आधी तिचा वेग किती होता, चेंडू कुठं होता, फेकणारीचा हात कसा आहे, एवढंच बघायचं. ती तिसऱ्यापर्यंत पोहोचली असती. पोहोचावी आणि पोहोचली असती, यात फरक आहे ना?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विध्यर्थ आणि संकेतार्थ यांतला भेद आजवर इतक्या नेमकेपणाने कोणी आम्हांला सांगितला नव्हता. 'पोहोचावी' यात बोलणाऱ्याची इच्छा आहे. 'पोहोचली असती' यात इच्छेला जागा नाही. तिथे पुरावा आहे, अंदाज आहे, आणि अंदाजाची जबाबदारी आहे. विध्यर्थाने न्याय केला तर तो दयाळू होईल, पण मग तो अडवणाऱ्या संघावर अन्याय होईल. संकेतार्थ टाळून नुसत्या स्वार्थाने केला, म्हणजे 'ती दुसऱ्या बेसवर थांबली, सबब दुसरा बेस', तर तो निर्दय होईल आणि शिवाय खोटाही. कारण ती थांबली नव्हती, थांबवली गेली होती.

हा अंदाज किती अवघड आहे याचे एक उदाहरण या खेळाच्या थोरल्या भावाचे. बेसबॉलच्या २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमधला तिसरा सामना २६ ऑक्टोबरला सेंट लुईस येथे झाला. शेवटचा डाव, ४-४ अशी बरोबरी. बॉस्टनचा विल मिडलब्रुक्स तिसऱ्या बेसपाशी चेंडूसाठी झेपावला, चेंडू हुकला, आणि तो तिथे पालथा पडून राहिला. घराकडे निघालेला सेंट लुईसचा ॲलन क्रेग त्याच्यावर अडखळला, कसाबसा उठून धावला, आणि होमवर चेंडूने त्याला गाठले. पण तिसऱ्या बेसवरच्या पंचाने अडथळा दिलेला होता. धाव मंजूर झाली, ५-४, सामना संपला. अशा निर्णयावर संपलेला वर्ल्ड सिरीजचा तो पहिलाच सामना. पडलेल्या माणसाने कुठे जावे, हा बॉस्टनचा प्रश्न होता. नियमाचे उत्तर : ते आम्ही विचारत नाही.

त्या पंचाचे नाव जिम जॉइस. कादंबरीकार जॉइस नव्हे. पण शक्यतांशी याचीही गाठ होतीच. याच जॉइसने २०१० मध्ये एका सामन्यात शेवटच्या फलंदाजाला चुकून नाबाद दिले आणि आर्मांडो गलारागा या गोलंदाजाचा निर्दोष सामन्याचा दुर्मीळ विक्रम हुकला. त्या रात्री चित्रफीत पाहून चूक उघड झाली. या दोन निर्णयांची जातच वेगळी. २०१० चा प्रश्न 'काय घडले' हा होता. त्याचे उत्तर कॅमेऱ्याकडे असते. 'काय घडले असते' याची चित्रफीत कोणत्याच कॅमेऱ्यात नसते. तिथे पंचाला जाणकारीवरच उभे राहावे लागते.

इथे आम्हांला आमचा स्वतःचा धंदा आठवल्याशिवाय राहिला नाही. वाङ्मयेतिहास लिहिणारा हा बहुतांशी स्वार्थात लिहितो : अमक्याने इतकी पुस्तके लिहिली, अमकीने एकच लिहिले. पण बालकवींवर लिहिताना कोणाचीही लेखणी संकेतार्थात घसरते. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली ते गेले. आणि 'जगले असते तर' हे शब्द तेव्हापासून त्यांच्या नावाला चिकटले. खरे पाहता बालकवींच्या बाबतीत तो प्रश्न नियमात बसत नाही. मृत्यू हा बचाव करणाऱ्या संघाचा खेळाडू नव्हे. तिथे हळहळ आहे, निवाडा नाही.

ताराबाई शिंदे यांच्या बाबतीत मात्र तो बसतो. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये निघाले. मराठी गद्याला तोवर ठाऊक नसलेली धार त्या लहानशा पुस्तकाला होती. त्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळत नाही. पुस्तकही विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. वर्गात ताराबाई शिकवताना दोन टोकांचे मोह होतात. एक मोह त्यांना थेट होमवर नेऊन बसवण्याचा : संधी मिळती तर त्या मराठीतल्या सर्वश्रेष्ठ गद्यकार झाल्या असत्या, वगैरे. ही दया झाली. दुसरा मोह एका पुस्तकाची लेखिका म्हणून दोन ओळींत नोंद करून पुढे जाण्याचा. ही कारकुनी झाली. पंचाचा मार्ग याहून कष्टाचा : पडण्याआधीचा वेग मोजायचा. त्या पुस्तकातली वाक्ये एकेक करून वाचायची, त्यांतला आवेग, युक्तिवादाची बांधणी आणि बोलीचा ताबा पाहायचा, आणि मग म्हणायचे, हिच्या पुढच्या बेसबद्दल शंका नाही. त्यापुढचे सांगता येत नाही. 'अन्यायाची जाणीव' या नावाखाली आपण जे पुष्कळदा करतो ते वाचनाचा कंटाळा झाकणारे असते. अडथळा झाला हे सांगायला वाचावे लागत नाही. ती कुठवर पोहोचली असती हे सांगायला मात्र वाचावेच लागते.

कायद्यालाही हे चुकलेले नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. गेलेल्या जमिनीची किंमत काढता येते. तिथे राहिलेल्यांचे आयुष्य पुढे कसे गेले असते, याची काढता येत नाही. तरी पुनर्वसनाच्या प्रत्येक कागदात तोच प्रश्न न विचारता विचारलेला असतो.

आणि आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. २०२१ मध्ये साथीमुळे महाराष्ट्रात बारावीची परीक्षा झाली नाही. गुण द्यायचे तर होते. सूत्र ठरले : दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के. म्हणजे अडथळा झाला नसता तर हा विद्यार्थी कुठे पोहोचला असता, याचा आख्ख्या राज्याने केलेला अंदाज. त्या वर्षी आमच्या वर्गांत आलेली मुले हे दिलेले बेस घेऊन आली. त्यांना 'कोरोना बॅच' हे नाव पडले. नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बोलण्यात, कधी आम्हां शिक्षकांच्या खोलीतही तो शब्द एका विशिष्ट हसण्याबरोबर येतो.

भीमाशंकरच्या बाजूच्या एका वाडीतली मुलगी त्या तुकडीत होती. सॉफ्टबॉल तिने कधी पाहिलेला नव्हता. बारावीचे वर्ष तिने मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर जाण्यायेण्यात काढले होते. एम.ए.ला असताना तिने एकदा तास संपल्यावर विचारले, "सर, परीक्षा झाली असती तर मी पास झाले असते का?" प्रश्न मार्कांचा नव्हता. मधल्या तीन वर्षांत तिने पदवीच्या सगळ्या परीक्षा बसून दिल्या होत्या आणि चांगल्या दिल्या होत्या. तिला एवढेच हवे होते, की त्या एका बेसवर ती स्वतःच्या पायांनी आली होती असे कोणीतरी म्हणावे.

तिला 'हो' म्हणणे सोपे होते, आणि ते विध्यर्थी झाले असते. त्या वर्षीच्या सूत्राची उणीव आम्हांला पंचाच्या शब्दांत स्पष्ट दिसत होती : पंच अंदाज बांधतो, पण धाव पाहून बांधतो. तिची दहावी आणि अकरावी कागदावर होती. टेकडीवरची धाव कोणीच पाहिलेली नव्हती. सूत्राने ज्यांना ज्यादा दिले असेल तेही असतील, आणि जिला कमी दिले अशी ती असू शकेल. ज्यांनी त्या वर्षात शाळाच सोडली, जी मुले कामाला लागली, ज्या मुलींची लग्ने झाली, त्यांच्यासाठी तर सूत्रच नव्हते. जी वाटेत पडून मैदानाबाहेर नेली गेली तिचा बेस कोणी मोजायचा, याला आमच्याजवळ कलम नाही.

म्हणून आम्ही तिला सॉफ्टबॉलचा नियम सांगितला. तिने पुष्कळ प्रश्न विचारले. मूठ कोणत्या हाताची, इथून सुरुवात. मग विचारले, की पंचाने दिलेला बेस आणि धावून मिळवलेला बेस यांची नोंद वेगळी होते का? दिलेल्या बेसवरून पुढे ती होमला पोहोचली तर धाव अर्धी धरतात का? आम्ही म्हटले, नाही. गुणफलकावर ती इतर कोणत्याही धावेसारखीच एक धाव. तिच्यापुढे खूण नसते, तळटीप नसते. तिथून पुढचे अंतर तिचे तिलाच धावावे लागते, आणि तिथे बाद व्हायची मुभाही इतरांइतकीच असते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिसऱ्या बेसवर ती उगीच उभी नव्हती." शालेय स्पर्धेतल्या त्या मुलीची हकिगत आम्ही तिला सांगितली होती. नंतर तिने दप्तर उचलले. शेवटची एसटी साडेपाचला होती.